मऊ ब्रेकाचें निदान

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही नाशिकहून भिवंडीस परत येत होतों. कसारा घाट उतरतांना पायाखालचें ब्रेकचें पेडल एकाएकीं ओल्या स्पंजासारखें मऊ लागलें. मागें नातवंडें भेंड्या लावीत होतीं. खालचा गिअर घालून आम्हीं गाडी कशीबशी कडेस उभी केली.

अर्ध्या तासानें पेडल पुन्हां घट्ट झालें. आम्ही निघण्यास सिद्ध झालों, तों सौ. म्हणाल्या, "अहो, ताप उतरला म्हणजे रोग गेला असें नव्हे." आम्ही निरुत्तर झालों. मंडळी भाड्याच्या मोटारीनें घरीं गेली. आमची गाडी ओढून आणविली.

आमच्या वैद्यकांत माधवकरानें केवळ निदानावर ग्रंथ रचिला. यंत्रासही तोच क्रम हवा. पेडलावरील दाब ब्रेक ऑइलामधून चाकांपर्यंत पोंचतो. द्रव सहसा दबत नाहीं, वायु दबतो. म्हणून नळींत हवा शिरली, कीं पायाचें बळ तिलाच दाबण्यांत खर्ची पडतें. शिवाय हें ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. 'डॉट ३' जातीचें कोरें ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. परंतु सुमारें ३.७ टक्के पाणी मुरलें, कीं ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरूं शकते. घाटांत ब्रेक तापून त्या पाण्याची वाफ होते व निवल्यावर विरते. आमच्या गाडीची व्याधि हीच होती.

इतर लक्षणेंही ओळखावीं. थंड गाडींतही पेडल मऊ असून भराभर दाबल्यानें घट्ट होत असेल, तर बहुधा नळींत हवा आहे. पाय स्थिर ठेवूनही तें हळूहळू खालीं बसत असेल, तर कोठें तरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरमधील रबर झिजलें आहे. जुनी रबरी नळी फुगूं लागली, तरीही पेडल मऊ लागतें.

हवा काढतांना एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें चाकाजवळचें निपल सैल करून बुडबुड्यांसह ऑइल बाटलींत सोडावें, आणि निपल आवळल्यावरच पहिल्यानें पाय उचलावा. वरच्या डबींतील ऑइल मात्र संपूं देऊं नये. नाहीं तर नवी हवा आंत शिरते. हें काम जाणत्या कारागिराकडून करविणेंच बरें.

आमच्या गाडींतून निघालेलें ऑइल काळ्या चहासारखें होतें. साधारणतः दोन वर्षांनीं बदलावयाचें तें आम्हीं चार वर्षें काटकसरीच्या नांवाखालीं तसेंच ठेविलें होतें. दोष कारागिराचा नव्हे, आमचाच. वाचकांनीं पुढील घाट उतरण्यापूर्वीं आपल्या गाडीचें ऑइल केव्हां बदललें होतें, तें एकदां पाहून घ्यावें.