स्मृतिकेंद्राचा नकाशा आणि मेध्य औषधांचे दावे

‘मेंदूतील रिसेप्टरवर थेट कार्य करणारे’ अशा आशयाची वाक्ये मेध्य औषधांच्या माहितीपत्रकांत हल्ली आढळतात. त्यांना कोणता आधार आहे, हे वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी तपासून घेतले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

१९५३ मध्ये अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल यांनी अपस्माराच्या एका रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढला. झटके कमी झाले. मात्र नवे अनुभव स्मरणात साठविण्याची त्याची शक्ती जवळजवळ लोपली. १९५७ मध्ये स्कोव्हिल व ब्रेंडा मिलनर यांनी हे वृत्त प्रसिद्ध केल्यापासून स्मृतीच्या अभ्यासात हिप्पोकॅम्पसला केंद्रस्थान मिळाले.

या भागातील रिसेप्टर, म्हणजे न्यूरोट्रान्समीटर द्रव्ये ग्रहण करणारे प्रथिनांचे रेणू, नेमके कोठे आहेत याचे मापन जर्मनीतील युलिश येथे कार्ल झिलेस, कात्रिन आमुंट्स आदी संशोधकांनी केले. मरणोत्तर मिळालेला मेंदू गोठवून त्याचे अतिशय पातळ छेद घेतात. विशिष्ट रिसेप्टरलाच चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य त्यांवर सोडतात आणि फिल्मवर उमटलेल्या छटांवरून रिसेप्टरांची घनता काढतात. अशा मापनांवर आधारलेला हिप्पोकॅम्पसचा सविस्तर नकाशा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हिप्पोकॅम्पसच्या ‘सीए १’ या विभागात ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टर दाट असतात, तर ‘सीए ३’ मध्ये कायनेट रिसेप्टर विशेष आढळतात. एकाच अवयवाच्या शेजारशेजारच्या विभागांत इतका भेद असतो.

हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. तथापि नकाशा द्वार दाखवितो. त्या द्वारातून आत गेलेले औषध रुग्णाची स्मृती सुधारील, अशी ग्वाही तो देत नाही. मेमँटिन हे आधुनिक औषध एनएमडीए रिसेप्टरवरच कार्य करते, हे निश्चित ठाऊक आहे. तरीही अल्झायमरच्या रुग्णांत त्याचा लाभ मर्यादितच आहे आणि गेलेली स्मृती ते परत आणीत नाही. लक्ष्य ठाऊक असलेल्या शुद्ध रेणूची ही स्थिती असेल, तर अनेक घटकद्रव्ये असलेल्या चूर्णाविषयी किंवा घृताविषयी रिसेप्टरच्या नावाने दावा करणे कितपत योग्य?

आमच्या मते त्याआधीचे काम आपल्या घरातच शिल्लक आहे. चरकाचार्यांनी मण्डूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली. त्यांतील शंखपुष्पी या नावाने कोठे कॉन्व्हॉल्व्ह्युलस, कोठे इव्हॉल्व्ह्युलस, तर केरळात गोकर्ण वापरली जाते. ब्राह्मी आणि मण्डूकपर्णी यांचा घोळही जुनाच आहे. वनस्पतीच निश्चित नसेल, तर तिचा रिसेप्टरशी संबंध कशाच्या आधारे जोडणार? वनस्पतीपासून औषधापर्यंतचा मार्ग अशक्य नाही. स्नोड्रॉप या युरोपीय फुलझाडात आढळलेले गॅलँटामिन अल्झायमरसाठी २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. परंतु त्याआधी त्याची मात्रा, गुण व दोष रुग्णांवर मोजले गेले होते.

म्हणून औषधनिर्मात्यांनी व विक्रेत्यांनी माहितीपत्रकांत वनस्पतीचे शास्त्रीय नाव व प्रमाण छापण्यास प्राधान्य द्यावे. मेंदूच्या विकारांवरील औषधांची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या कक्षेत येते, याचेही भान असावे. वैद्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास आधी चालू असलेली आधुनिक औषधे अवश्य विचारावीत. ब्राह्मीत डोनेपेझिलसारखीच अ‍ॅसिटिलकोलिनविषयक क्रिया प्रयोगशाळेत दिसून आली आहे; दोन्ही एकत्र देताना सावधगिरी हवी. चिकित्सेपूर्वी व नंतर ठरावीक कालांतराने स्मृतीची साधी परीक्षा करून तिची नोंद ठेवावी.

धी, धृती आणि स्मृती यांचा विचार करणाऱ्या शास्त्राला उसन्या शब्दांचा आधार लागत नाही. विसरत चाललेल्या वृद्धाला घेऊन येणारे कुटुंब आपल्या शब्दावर विश्वास ठेवते. तो शब्द मोजून-मापून द्यावा, एवढेच आमचे सर्व व्यवसायबंधू-भगिनींना निवेदन आहे.