जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ, मग हृदयासाठी का नाही?

हातखंबा तिठ्याच्या आजूबाजूच्या बौद्धवाड्यांत जलदानविधीला गेलो की एक वाक्य हमखास कानी पडते, "अटॅक आला, चाळिशीही गाठली नव्हती." मागून कुणी म्हणते, बापही असाच गेला. आणि शेवटी सारे 'नशिबा'वर येते! २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने नशिबाला कारण मानावे, हे आम्हाला पटत नाही. बाप असाच गेला, हेच कदाचित कारण असेल.

एका सदोष जनुकामुळे काहींच्या रक्तात जन्मापासूनच वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, फार असते. साधारण २५० माणसांमागे एक. आईकडून वा बापाकडून ते मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. औषध म्हणाल तर अॅटोरव्हास्टॅटिनसारखी स्वस्त गोळी, जनऔषधी दुकानातही मिळणारी. आमची माणसे औषधावाचून नव्हे, निदानावाचून जातात.

अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'फाइंड एफएच' संशोधनात ९३९ ज्ञात रुग्णांच्या नोंदी देऊन मशीन लर्निंगला या आजाराच्या खुणा शिकवल्या गेल्या. मग १७ कोटी लोकांच्या नोंदी चाळून यंत्राने १३ लाखांवर संशयित वेगळे काढले. निदान अर्थातच डॉक्टरांनी करायचे.

आम्ही यंत्राचे विरोधक नाही. पण यंत्र नोंदींवर जगते, आणि नोंद कोणाची होते? त्याच २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकाने दाखवून दिले की, अमेरिकेतील एक यंत्र आजार न मोजता उपचारावरचा खर्च मोजत होते. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत असल्याने तितकेच आजारी असूनही ते यंत्राला कमी आजारी दिसले. मनूला संगणक येत नव्हता, हिशेब मात्र हाच होता! आपल्याकडे ३० वर्षांवरील सरकारी तपासणीत रक्तदाब, साखर आणि तीन कर्करोग पाहतात; कोलेस्टेरॉल नाही. त्यात आमचा बाप मुंबईत चाकरमानी, आई गावी. एकाचा केसपेपर मुंबईच्या इस्पितळात, दुसऱ्याचा हातखंब्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. उद्या यंत्र आले तरी ते घराणे जोडणार कसे?

जोडणारा कागद आपल्या कपाटात आहे. अनुसूचित जातीच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत किती घरांनी आमच्यासारख्या वकिलांकडून वंशावळीची प्रतिज्ञापत्रे करून घेतली! तीच वंशावळ काढा, प्रत्येक नावापुढे मृत्यूचे वय आणि कारण लिहा. फक्त त्या कागदावर बापाचीच बाजू असते. आईचे माहेरही जोडा, जनुक पितृसत्ता मानत नाही. बौद्धजन पंचायत समितीच्या गावशाखा आणि मुंबई शाखांनी वर्षावासात हे काम हाती घ्यावे. ज्या घरात कुणी पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले, तिथल्या सर्वांची रक्ततपासणी करण्याची लेखी मागणी आरोग्य केंद्राकडे करावी. मोठ्या माणसाचे एलडीएल १९० वा अधिक निघाले, तर डॉक्टरांना घराण्याचा इतिहास सांगायलाच हवा.

एक इशारा वकील म्हणून. विमा कंपन्या 'आनुवंशिक आजार' म्हणून दावे नाकारत आल्या आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली अशा अटीला भेदभाव ठरवले, पण वाद तिथे मिटला नाही. म्हणून हा कागद विहाराच्या फळ्यावर लावू नका. तो घरात ठेवा आणि डॉक्टरांनाच दाखवा.