तेहतीस वर्षांची हजेरी

विजेत्यांची चरित्रे वाचून माझ्यासारखा अधिव्याख्याता नुसताच खजील होतो. मला जवळचा वाटतो तो डब्लिनचा फर्गल ओब्रायन. १९९१ साली तो धंदेवाईक स्नूकरपटू झाला, २०२४ साली निवृत्त झाला. मानांकन स्पर्धा जिंकली एकच, १९९९ची ब्रिटिश ओपन.

२०१७ साली जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत डेव्हिड गिल्बर्टशी ९-९ बरोबरी झाली. निर्णायक फ्रेम चालली १२३ मिनिटे ४१ सेकंद! (एवढ्यात माझे तीन तास होतात, पोरे तिन्हींत जांभया देतात.) गडी जिंकला. मग मुख्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत मार्क सेल्बीने त्याला १०-२ असे घरी पाठवले.

त्यानंतरही सात वर्षे तो काठीला खडू लावीतच होता.