'ऑफ झाले', 'एनपीए झालं'

आमच्या गारगोटीत आता सहसा कोणी वारत नाही. माणूस 'ऑफ' होतो. घर शिकलेलं असेल तर 'एक्स्पायर' होतो, औषधाच्या बाटलीसारखा. मराठीत या घटनेला शब्द काय कमी होते? वारले, गेले, निवर्तले, देवाज्ञा झाली. तरीही अपरात्री बहिणीला बापाची बातमी फोनवर सांगताना भावाच्या तोंडी 'ऑफ झाले' येतं, त्याला मी हसणार नाही. परका शब्द अशा वेळी सांडशीसारखा कामी येतो. तापलेलं भांडं उतरवायचं, बोटं पोळू द्यायची नाहीत.

'टेन्शन'चं मात्र मला वाईट वाटतं. घोर, धास्ती, विवंचना, कोंडी ही निरनिराळ्या दुखण्यांची नावं आहेत. लेकीचं लग्न ठरत नाही, तो घोर. वेदगंगेचं पाणी चढू लागलं, की धास्ती. उसाचं बिल आलेलं नाही आणि सोसायटीचा हप्ता दारात उभा, ही कोंडी. आता या सगळ्यांवर एकच चिठ्ठी. 'टेन्शन आहे', 'टेन्शन घेऊ नका', संपली विचारपूस! दुखणं कुठलं तेच कळलं नाही, तर शेजारी मदतीला धावणार कसा?

माझी उमेद बँकेत गेली, म्हणून तिथलं सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी 1992 पासून थकलेलं कर्ज 'एनपीए' होऊ लागलं. पुढे 2002 साली सरफेसी कायदा आला. त्यात कर्जदाराला 60 दिवसांची नोटीस मिळते. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. पण तारण ठेवलेलं घर, दुकान त्यात सापडतं. साहेब सांगतात, "तुमचं अकाउंट एनपीए झालंय." समोरचा मान डोलावतो. त्याला वाटतं, बँकेच्या वहीत काहीतरी झालं असेल. नोटीस देव्हाऱ्यामागे जाते आणि 60 दिवस तिथेच सरतात. मग वर्तमानपत्रात 'सांकेतिक ताबा' घेतल्याची जाहिरात येते. हे तर मराठीच. पण दाराला कुलूप दिसत नाही, म्हणून गडी निर्धास्त!

तेव्हा शुद्ध मराठीचा आग्रह धरून हे भागणार नाही. शिवाजी महाराजांनी फार्सी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी कर्ज, जामीन, तगादा, जप्ती हे फार्सी-अरबीतले पाहुणे घरचेच होऊन राहिले. 'जप्ती' म्हटलं, की वाडीवरच्या म्हातारीलाही आपली भांडीकुंडी अंगणात दिसतात. 2020 साली 'पॉझिटिव्ह' हा शब्द तर चांगल्याचा वाईट होऊन महिन्याभरात चुलीपर्यंत पोचला. शब्द कुठल्या गावचा, हे मी विचारत नाही. ऐकणाऱ्याला त्यातून काय दिसतं, एवढंच विचारतो.

दवाखान्यातही तेच. "कंडिशन क्रिटिकल आहे, चोवीस तास ऑब्झर्व्हेशन," एवढं ऐकून नातेवाईक खाली चहाला जातात. चोवीस तासांत बरं वाटेल, असा त्यांचा समज. "आज रात्री कोणीतरी जवळ बसा, लांबच्यांना बोलावून घ्या," असं कोणी सांगितलं असतं, तर मुंबईचा थोरला रात्रीचीच गाडी धरता.