व्हीपीएनबाहेरची यादी कोणाच्या हातात?

कोरोनाकाळात पुण्याची नोकरी लॅपटॉपसह गावी आली आणि काहींच्या बाबतीत ती गावीच राहिली. साकोली तालुक्यातल्या एकोडीत बसून कोणी पुण्याच्या ऑफिसचे काम करत असेल, तर त्याचा व्हिडिओ कॉल आधी सुमारे आठशे किलोमीटरवरच्या ऑफिसच्या व्हीपीएन गेटवेवर जातो, तिथून इंटरनेटवर, आणि परतीलाही तोच फेरा. आवाज तुटतो. आपण आयटीवाले ‘तिकडचे नेट स्लो आहे’ असा शेरा मारून तिकीट बंद करतो. दोष बऱ्याचदा भंडारा जिल्ह्याचा नसतो, आपल्या राउटिंगचा असतो.

तेव्हा ठरावीक अ‍ॅप्स व्हीपीएनबाहेर सोडायला, म्हणजे स्प्लिट टनेलिंगला, आमचा विरोध नाही. मायक्रोसॉफ्टनेच 2020 मध्ये टीम्सच्या कॉलची वाहतूक थेट जाऊ द्या, असा सल्ला दिला होता. आक्षेप आहे तो यादी बनते त्या रीतीला. तक्रार आली की एक अ‍ॅप बाहेर, पुढच्या तक्रारीला दुसरे, आणि एक दिवस कंटाळून अख्खा ब्राउझर बाहेर. आज ऑफिसचे निम्मे काम ब्राउझरमध्ये चालते. तो बाहेर गेला की ऑफिसचे फिल्टर आंधळे होतात, आणि तोच लॅपटॉप एकाच वेळी उघड्या नेटवर आणि आतल्या सर्व्हरवर उभा राहतो.

अँड्रॉइडमध्ये 5.0 पासून व्हीपीएन अ‍ॅपला दोनपैकी एकच यादी देता येते: आत घ्यायच्या अ‍ॅप्सची किंवा बाहेर ठेवायच्या. स्वतःच्या फोनवर काम करणाऱ्याला पहिली द्या. ऑफिसची चार अ‍ॅप्स आत, त्याचे यूपीआय आणि घरचे फोटो बाहेर. ते आपल्या गेटवेवरून नेण्याचे कारणच काय? ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र उलट: सगळे आत, नावानिशी मंजूर झालेले तेवढेच बाहेर. एक खाच लक्षात असू द्या. फोनवर ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन रोखा’ हे सेटिंग चालू असेल, तर बाहेर ठेवलेल्या अ‍ॅप्सचे नेटच बंद पडते.

खरी गळती डीएनएसमध्ये असते. विंडोजमध्ये बहुतेक अ‍ॅप्सच्या वतीने साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचे हे काम एकच सेवा करते. त्यामुळे अ‍ॅपवर लावलेला नियम तिला लागू होतोच असे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये एक्सप्रेसव्हीपीएनला आपल्या विंडोज अ‍ॅपमधून स्प्लिट टनेलिंग तात्पुरते काढावे लागले, ते डीएनएस विनंत्या बाहेर जात असल्यामुळेच. व्हीपीएन विकणाऱ्यांची ही गत, तर आपण एकदा पॅकेट कॅप्चर लावून बघायला काय हरकत आहे?

शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार नोंदी 180 दिवस जपायच्या आहेत आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची आहे. बाहेरून गेलेल्या वाहतुकीची नोंद तुमच्या गेटवेवर उमटत नाही. ती लॅपटॉपवर ठेवण्याची सोय आधी करा, सूट नंतर द्या.

या महिन्यात प्रत्येकाने आपली यादी उघडावी. प्रत्येक नावापुढे कारण, मंजुरी देणाऱ्याचे नाव आणि सूट संपण्याची तारीख लिहावी. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही ते अ‍ॅप त्याच दिवशी आत घ्यावे, आणि यादीत ब्राउझर असेल तर सुरुवात त्याच्यापासून करावी.