लष्कराच्या भाकऱ्यांचा हिशेब

परदेशी स्थायिक झालेल्या समाजाच्या संस्थेकडे जमाखर्च मागणे हा ती संस्था उभारणाऱ्या पिढीचा अपमान होय, असे प्रतिपादन ऑस्ट्रेलियातील ग्रीक ‘किनोतितां’च्या संदर्भात मोठ्या गहिवराने केले जाते. किनोतिता या शब्दाने समाज आणि त्या समाजाने निवडून दिलेली संस्था या दोहोंचाही बोध होतो. अशा संस्था मेलबर्नला १८९७ साली व सिडनीला १८९८ साली स्थापन झाल्या, आणि १९५२ च्या ऑस्ट्रेलिया-ग्रीस स्थलांतर करारानंतर माणसांचा ओघ वाढला तशी चर्च, शनिवारच्या ग्रीक शाळा, वृद्धाश्रम अशी मालमत्ताही वाढत गेली.

पूर्वपक्ष थोडक्यात असा की, कारखान्यातील पाळी संपवून आलेल्या माणसांनी पदरमोड करून या वास्तू उभ्या केल्या. त्यांच्यामागची प्रेरणा ‘फिलोतिमो’ ही, म्हणजे मानाची चाड, कर्तव्याची आच आणि औदार्य या तिहींचे मिश्रण, असल्याने त्यांच्याकडे पावत्या मागणे शोभत नाही. शिवाय वास्तू डोळ्यांसमोर उभी आहे, लेखापरीक्षकाची फी जड जाते, आणि घरातले चव्हाट्यावर आणल्यास विरोधकांचे फावते.

यातील किरकोळ मुद्दे आधी निकालात काढणे सोयीचे. वास्तू उभी आहे म्हणून हिशेब नको, हे म्हणणे लग्न लागले तेव्हा मांडववाल्याचे बिल कशाला पाहायचे, या जातीचे आहे. फीबाबत सांगायचे तर व्हिक्टोरिया राज्याच्या २०१२ च्या कायद्याने संस्थांचे वार्षिक उत्पन्नानुसार तीन स्तर पाडून सर्वांत लहान स्तराला लेखापरीक्षणाची सामान्यतः सक्ती केलेली नाही, आणि फीच्या नावाने गळा काढणाऱ्या संस्था बहुधा त्या स्तरातल्या नसतात. विरोधकांचे फावते ते हिशेब दाखवल्याने की दडवल्याने, हे पूर्वपक्षाने एकदा ठरवावे.

खरा मुद्दा पदरमोडीचा. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला पीठ किती लागले हे विचारू नये, हा नियम वरकरणी सौजन्याचा वाटतो. परंतु पीठ त्याच्या एकट्याच्या घरचे नसते, वर्गणीदारांचे, देणगीदारांचे आणि सरकारी अनुदानाचेही असते, आणि एकाच परातीत मळल्यावर कोणाचे किती हे त्यालाही सांगता येत नाही. गंमत अशी की, ग्रीक संस्कृतीच्या नावाने मांडल्या जाणाऱ्या या युक्तिवादाचा निवाडा करण्याचा प्रसंग खुद्द ग्रीकांवर इसवी सनापूर्वी ३३० साली येऊन गेला आहे. अथेन्समध्ये प्रत्येक अधिकाऱ्याला मुदत संपल्यावर ‘युथीना’ नावाच्या तपासणीला सामोरे जावे लागे, आणि हिशेब तपासणारे ‘लोगिस्ताय’ चिठ्ठ्या टाकून निवडले जात. आजच्या ग्रीक भाषेत हिशेबनिसाला याच शब्दाने ओळखतात. डिमॉस्थेनिस हा तटबंदीच्या दुरुस्तीचा एक अधिकारी होता आणि त्याने त्या कामात स्वतःचे १०० मिना घातले होते (६० मिनांचा एक टॅलंट होई). त्याबद्दल त्याला सुवर्णमुकुट द्यावा असा ठराव क्टेसिफोनने मांडला, तेव्हा ईस्किनीजने आक्षेप घेतला की ज्याची तपासणी व्हायची आहे त्याचा गौरव कायद्याने करता येत नाही. डिमॉस्थेनिसचे उत्तर असे की दिलेल्या देणगीचा हिशेब कोणी मागत नसतो. ईस्किनीजने त्यावर दाखवलेली प्रथा मात्र विसरण्याजोगी नाही: पुजारी व पुजारिणींनाही हिशेब द्यावा लागे, युद्धनौकेवर स्वतःची संपत्ती खर्च करणाऱ्यांनाही द्यावा लागे, आणि ज्याने सार्वजनिक पैशाला हातच लावला नाही, त्यालाही आपण काही घेतले नाही आणि काही खर्चिले नाही, असे लिहून द्यावे लागे. फिलोतिमो शिकवणाऱ्या आजच्या उपदेशकांनी हे एक वाक्य लिहून दिले तरी पुष्कळ झाले.

पूर्वपक्ष येथे आनंदाने सांगेल की खटला ईस्किनीज हरला. ते खरेच आहे, त्याला पाचवा हिस्सा मतेही पडली नाहीत आणि तो अथेन्स सोडून गेला. पण ज्युरींनी निवडला तो मॅसिडोनियाच्या फिलिपशी झुंजलेला वक्ता. युथीनाची पद्धत त्यांनी मोडीत काढली नाही. लोकप्रियतेपुढे कायद्याचा मुद्दा हरतो, हाच काय तो या निकालातून निघणारा बोध, आणि तो पूर्वपक्षाला फारसा लाभदायक नाही. ‘आवश्यक बाबींसाठी’ एवढ्याच शेऱ्याखाली १० टॅलंट खर्ची टाकणारा पेरिक्लीसही लोकप्रियच होता, आणि अ‍ॅरिस्टोफेनिसने त्या शेऱ्याची रंगभूमीवर टर उडवली ती उगाच नव्हे. त्याच पेरिक्लीसच्या काळी अथेनादेवीच्या मूर्तीवरचे सोने काढून तोलता येईल अशा बेताने बसवले होते. देवीवर अविश्वास दाखवला म्हणून कोणी रुसल्याचे ऐकिवात नाही.

येथे एका जुन्या वादाची आठवण अपरिहार्य आहे. गेल्या शतकाच्या साठच्या दशकात चर्चच्या वास्तू निवडून आलेल्या समितीच्या की धर्मपीठाच्या, या प्रश्नावरून ऑस्ट्रेलियातील ग्रीक समाज दुभंगला, आणि आजही तो वाद मालकीचा म्हणूनच आठवला जातो. मालक ठरला की मेणबत्त्यांच्या पेटीतील पैसे मोजण्याचा प्रश्न आपोआप सुटतो, असा जो समज तेव्हा रुजला तोच पूर्वपक्षाच्या मुळाशी आहे. त्यावर एवढेच म्हणता येईल की, नववर्षाला कापल्या जाणाऱ्या ‘वासिलोपिता’ या केकमध्ये लपवलेले नाणे कोणाच्या वाट्याला आले हे भर सभेत सर्वांना कळते. संस्थेच्या इतर नाण्यांना ते भाग्य का नसावे?

मंडनाच्या बाजूने सांगण्यासारखे फार नाही, कारण मागणीच साधी आहे. ‘एक्सेलेङ्क्तिकी एपित्रोपी’, म्हणजे सभासदांनी निवडलेली हिशेब-तपासणी समिती, ग्रीक संस्थांच्या परंपरेत आहेच. परंतु ती कार्यकारिणीच्याच गटाच्या मतपत्रिकेवरून निवडून आली, तर आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, एवढीच तिची उपयुक्तता उरते. वृद्धाश्रमासाठी आलेली देणगी वेगळ्या खात्यात राहावी, पदाधिकाऱ्याच्या स्वतःच्या कंपनीला दिलेले काम ताळेबंदात नावानिशी दिसावे, आणि तिसऱ्या पिढीला ग्रीक वाचता येत नसल्यास ताळेबंद इंग्रजीतही निघावा. तपासणीला माणसे मिळत नाहीत ही सबब उरतेच. त्यावर अथेन्सचाच उपाय करून, कोणत्याही गटाच्या यादीत नसलेल्या सभासदांची नावे चिठ्ठ्या टाकून काढावीत. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघाली त्याला किर्द-खतावणी कळत नसेल तर त्याच्या मदतीला एक पगारी हिशेबनीस द्यावा, जो वार्षिक नृत्य-भोजनाच्या एका रात्रीच्या वाद्यवृंदाहून महाग पडू नये.