मानेची शस्त्रक्रिया आणि शिरःशूल : वैद्याची भूमिका काय असावी?

मानेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया सुचविलेला रुग्ण अलीकडे आपल्या चिकित्सालयातही वारंवार येऊ लागला आहे. हातात एमआरआयचे पाकीट, मान आखडलेली, एका हाताला मुंग्या आणि जोडीला महिनोन्‌महिने चाललेली डोकेदुखी. त्याचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "डॉक्टर, मानेचे ऑपरेशन केले तर डोके दुखायचे थांबेल का?" या प्रश्नाला आपल्याकडून साधारणतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. "ऑपरेशनच्या फंदात पडू नका, ग्रीवाबस्ती आणि नस्याने सर्व ठीक होईल," हे एक. आणि "सर्जन सांगतील तसे करा," हे दुसरे. पहिल्यात अतिउत्साह आहे, दुसऱ्यात जबाबदारी टाळणे आहे. वैद्याला शोभेल असे तिसरे उत्तर देता येते आणि ते दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

मान आणि मस्तक यांचा संबंध आपल्या शास्त्राला नवा नाही. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले. त्यांतील अनन्तवाताच्या वर्णनात दोष मन्येच्या ठिकाणी प्रकुपित होऊन मानेच्या मागील भागात तीव्र वेदना उत्पन्न करतात आणि ती वेदना डोळा, भुवई व शंखप्रदेशात स्थिरावते, असा क्रम आला आहे. डोके व मान यांच्या सांध्यावरील कृकाटिका हे त्यांनी वैकल्यकर मर्म मानले. मन्यास्तम्भाच्या हेतूंत दिवास्वाप, बसण्या-उठण्यातील विषमता आणि सतत वर पाहणे यांची गणना केली. अनन्तवात म्हणजेच आजचा अमुक रोग, अशी समीकरणे मांडण्याचा मोह मात्र आवरावा. एवढेच म्हणावे की, वेदना डोक्यात जाणवली तरी तिचे मूळ मानेत असू शकते, हे निरीक्षण प्राचीन आहे.

आधुनिक शास्त्राने या निरीक्षणामागील शारीर उलगडून दाखविले. नॉर्वेतील ओत्तार स्योस्ता यांनी १९८३ मध्ये मानेतून उगम पावणाऱ्या डोकेदुखीला 'सर्व्हायकोजेनिक हेडेक' असे स्वतंत्र नाव दिले. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंकडून येणाऱ्या संवेदना आणि चेहरा व कपाळ यांची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या संवेदना मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात. त्यामुळे दुखणे मानेच्या सांध्याचे असले तरी मेंदूला ते कपाळाचे किंवा डोळ्यामागचे वाटते. ऑस्ट्रेलियात बोगडुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहन-अपघातानंतर दीर्घकाळ मान दुखणाऱ्या शंभर रुग्णांची तपासणी करून १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांची मुख्य तक्रार डोकेदुखी होती, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या रुग्णांत दुसऱ्या व तिसऱ्या मणक्यांमधील सांध्याकडे जाणारा मज्जातंतू बधिर करताच डोके दुखायचे थांबले.

येथपर्यंत सर्व सुसंगत आहे. अडचण पुढे आहे. डोकेदुखीशी शारीरदृष्ट्या निगडित असलेले मज्जातंतू मानेच्या वरच्या भागातले. आणि चकती काढण्याची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा होते ती खालच्या भागात, म्हणजे पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यांच्या दरम्यान. गळ्याच्या पुढील बाजूने जाऊन चकती काढणे व मणके जोडणे ही पद्धत स्मिथ व रॉबिन्सन आणि स्वतंत्रपणे क्लोवर्ड यांच्यामुळे १९५० च्या दशकात रूढ झाली. तिचा हेतू हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूवरील किंवा मज्जारज्जूवरील दाब दूर करणे हा होता. शिरःशूल हे तिचे लक्ष्य कधीच नव्हते.

तरीही शस्त्रक्रियेनंतर "हात तर बरा झालाच, पण डोकेही हलके झाले" असे सांगणारे रुग्ण भेटतात. हा केवळ भास नाही. मणके जोडणे आणि त्याऐवजी कृत्रिम चकती बसविणे या दोन पद्धतींची तुलना करण्यासाठी अमेरिकेत मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांतील सुमारे एक हजार रुग्णांच्या नोंदी डोकेदुखीच्या दृष्टीने पुन्हा तपासून २००९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वी बहुसंख्य रुग्णांना कमी-अधिक डोकेदुखी होती आणि दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत तिची तीव्रता लक्षणीयरीत्या घटलेली आढळली.

या निष्कर्षाचे स्वागत करतानाच त्याच्या मर्यादाही पाहणे आवश्यक आहे. पहिली अशी की, हे सर्व रुग्ण हाताच्या वेदनेसाठी किंवा मज्जारज्जूवरील दाबासाठी निवडलेले होते, डोकेदुखीसाठी नव्हे. दुसरी, डोकेदुखीचे मोजमाप मानेच्या अक्षमतेविषयीच्या दहा प्रश्नांच्या सर्वपरिचित तक्त्यातील केवळ एका प्रश्नावरून झाले. अर्धशिशी, ताणाची डोकेदुखी आणि मानेतून येणारी डोकेदुखी असे पृथक्करण झाले नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, शस्त्रक्रिया न केलेला असा तुलनेचा गटच तेथे नव्हता. अधिक त्रासाच्या काळात उपचाराला आलेला रुग्ण कालांतराने काही प्रमाणात आपोआपही सुधारतो. हाताची असह्य कळ थांबली की झोप सुधारते, मानेचे स्नायू सैल पडतात, वेदनाशामक गोळ्या सुटतात. आणि केवळ एवढ्यानेही डोकेदुखी कमी होऊ शकते. मणके जोडलेल्यांना आणि कृत्रिम चकती बसविलेल्यांना दोघांनाही बरे वाटले, यावरून विशिष्ट उपकरणाला श्रेय देणे कठीण, हे तर उघडच आहे.

म्हणून आमचे प्रतिपादन असे : मानेच्या शस्त्रक्रियेचा निर्णय हात आणि पाय यांच्या लक्षणांवरून व्हावा, डोकेदुखीवरून नव्हे. डोके थांबले तर तो आनुषंगिक लाभ समजावा. त्याचे आश्वासन कोणी देऊ नये आणि केवळ त्या आशेवर रुग्णाने शस्त्रक्रियेस संमती देऊ नये.

एमआरआयच्या चित्राने रुग्ण घाबरतो आणि कधी कधी चिकित्सकही. जपानमध्ये कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ निरोगी व्यक्तींच्या मानेचे एमआरआय तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील ८७.६ टक्के व्यक्तींत चकती फुगलेली आढळली. विशीतील तरुणांतही हे प्रमाण मोठे होते. तेव्हा डोके दुखते आहे आणि चकती फुगलेली आहे, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अर्धशिशीच्या वेगातही मान दुखते, हेही ध्यानात ठेवावे. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या रुग्णाची डोकेदुखी त्या गोळ्यांमुळेच टिकून राहिलेली असू शकते. त्याच्या मानेला शस्त्र लावून काय साधणार? शिवाय जोडलेल्या मणक्यांच्या शेजारील सांध्यांवर पुढे ताण येतो. अशा रुग्णांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात शेजारच्या पातळीवर नवी लक्षणे उद्भवण्याचे प्रमाण दरवर्षी सुमारे २.९ टक्के आढळले होते.

मात्र नाण्याची दुसरी बाजू आम्हांस अधिक चिंतेची वाटते. मज्जारज्जूवर दाब असलेल्या रुग्णाला "ऑपरेशन टाळा" असा सल्ला देऊन महिनोन्‌महिने स्नेहन-स्वेदनात गुंतवून ठेवणे हे त्याच्या हातापायांशी खेळणे आहे. दाब दीर्घकाळ राहिला की गेलेली शक्ती शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण परत येईलच असे नाही. शर्टाची बटणे लावता न येणे, अक्षर बिघडणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ही लक्षणे प्रत्येक वेळी विचारावीत. रुग्णाला दहा सेकंदांत शक्य तितक्या वेळा मूठ मिटून उघडावयास सांगावे. निरोगी व्यक्ती हे वीसहून अधिक वेळा करते. गुडघ्यावरील प्रतिक्षेप तीव्र झाले आहेत का, ते पाहावे. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. एकाएकी उठलेला अतितीव्र शिरःशूल, ज्वरासह ताठरलेली मान, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, पडल्यानंतरची किंवा बोलण्यात अडखळण्यासह आलेली मानदुखी, यांनाही हाच नियम लागू आहे.

काही व्यवसायबंधू म्हणतील की, परक्या शास्त्राचे आकडे आपण प्रमाण का मानावेत? शल्यकर्म परके कसे, हा आमचा प्रतिप्रश्न आहे. खुद्द चरकाचार्यांनी गुल्मचिकित्सेत पक्व अवस्थेतील कर्माचा अधिकार धान्वन्तरीय शल्यविदांकडे सोपविला. आपल्या अधिकाराची सीमा ओळखणे हा कायचिकित्सकाचा कमीपणा नसून त्याच्या शास्त्राने घालून दिलेली शिस्त आहे.

आणि ही सीमा आखल्यावर आपल्यासाठी क्षेत्र मोकळे राहते, ते लहान नाही. मज्जातंतूवर धोकादायक दाब नसलेल्या असंख्य रुग्णांत निदानपरिवर्जन, बैठकीची सुधारणा, मृदु अभ्यंग, स्वेदन, योग्य काळी नस्य आणि मानेचे व्यायाम हेच प्रथम कर्तव्य आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीत व्रण पूर्ण भरेपर्यंत आणि शल्यतज्ज्ञाची अनुमती मिळेपर्यंत मानेवर कोणतेही कर्म करू नये. झटका देऊन मान मोडणे तर कोणत्याही रुग्णात सर्वथा वर्ज्य समजावे. शस्त्रक्रियेनंतर उभे राहताच वाढणारी व आडवे होताच शमणारी डोकेदुखी सुरू झाली, तर मज्जारज्जूभोवतालचे द्रव पाझरत असण्याची शंका घेऊन रुग्णाला विनाविलंब परत पाठवावे.

शेवटी एक विनंती. शस्त्रक्रियेच्या निबंधात तुलनेचा गट नाही म्हणून आपण बोट ठेवतो, तेव्हा तोच निकष ग्रीवाबस्तीलाही लावला पाहिजे. आपल्या संघटनेच्या सभासदांनी मानदुखीसह शिरःशूल असलेल्या प्रत्येक रुग्णाची एका कागदावर नोंद ठेवावी : महिन्यातील डोकेदुखीचे दिवस, घेतलेल्या गोळ्या, मुठीची चाचणी, उपचारापूर्वी, तीन महिन्यांनी आणि एक वर्षाने. ज्यांना गुण आला नाही त्यांचीही नोंद तितक्याच निष्ठेने व्हावी. अशा काही शे नोंदी एकत्र आल्या, तर "ऑपरेशनने डोके थांबेल का?" असे विचारणाऱ्या रुग्णाला त्याच्यासारख्या इतरांचे काय झाले, हे आपण स्वतःच्या आधाराने सांगू शकू.